पाणी किती अंशांना उकळलं?



या मालिकेत माझ्याआधी बोललेले लोक शिक्षक होते, डॉक्टर होते, एक तर शास्त्रज्ञ होते. मी तोफखान्यातला निवृत्त माणूस. पदवी म्हणाल तर बी.एस्सी., तीही पंचेचाळीस वर्षांपूर्वीची, आणि त्यानंतरचं बहुतेक आयुष्य तोफांच्या आवाजात गेलं. त्यामुळे आता डाव्या कानानं जरा कमी ऐकू येतं. तुमचे प्रश्न उजव्या बाजूनं आले तर बरं.

विषय दिलाय 'शालेय परीक्षेसाठी विज्ञानाचे प्रयोग कसे लिहावेत'. संयोजकांना मी फोनवर म्हटलं, अहो, हा मास्तरांचा विषय आहे. ते म्हणाले, तुम्ही इंदूरच्या त्या मुलीची गोष्ट सांगत होता ना, तीच सांगा. म्हणून तिथूनच सुरू करतो.

निवृत्तीनंतर आम्ही इंदूरला स्थायिक झालो. आमच्या मजल्यावर एक मराठी कुटुंब आहे, तीन पिढ्या माळव्यात काढलेलं. त्यांची मुलगी तेव्हा नववीत होती. मला आजोबा म्हणते. एक दिवस संध्याकाळी ती प्रयोगाची फाइल घेऊन आली. आमच्या वेळी जर्नल म्हणायचे, महाराष्ट्रात अजून म्हणतात, तिकडे फाइल. प्रयोग होता बर्फाचा द्रवणांक आणि पाण्याचा उत्कलनांक काढण्याचा. निरीक्षणाच्या रकान्यात तिनं निळ्या शाईत ९८ लिहिलं होतं. त्याभोवती लाल गोल होता आणि बाजूला लाल अक्षरात १००. खाली शेरा, 'पुन्हा लिहून आणणे'.

ती माझ्याकडे शास्त्र विचारायला आली नव्हती बरं का. ती आली होती व्हाइटनर मागायला.

मी विचारलं, "तुला दिसलं किती होतं?"

"अठ्ठ्याण्णव. पण आजोबा, शंभरच लागतं."

"कुणाला लागतं?"

या प्रश्नावर ती गप्प बसली. मग म्हणाली, "परीक्षेत."

मी तिला व्हाइटनर दिलं नाही. स्वयंपाकघरात गेलो. माझ्याकडे एक प्रयोगशाळेतला थर्मामीटर आहे, उणे दहापासून एकशे दहा अंशांपर्यंतचा. (घरी कुणी करणार असाल तर ताप मोजायचा थर्मामीटर चुकूनही वापरू नका. त्याची पट्टी बेचाळीसला संपते, उकळत्या पाण्यात तो फुटेल. आणि हे काम घरातलं मोठं माणूस शेजारी उभं असतानाच करायचं.) आधी बर्फाचा चुरा एका पेल्यात घेतला, थोडं वितळू दिलं आणि त्यात थर्मामीटर धरला. पारा शून्याच्या किंचित वर थांबला, साधारण अर्ध्या अंशावर. म्हणजे आमचा थर्मामीटर अर्धा अंश जास्त दाखवतो. मग पातेल्यात पाणी ठेवलं, फुगा तळाला टेकू न देता धरला आणि दर मिनिटाला ती आकडा लिहीत गेली. एकतीस, चाळीस, एक्कावन्न असं चढत चढत पाणी खळखळा उकळायला लागलं, तेव्हा साडेअठ्ठ्याण्णव. पुढच्या मिनिटाला साडेअठ्ठ्याण्णव. त्याच्या पुढच्यालाही तेच. गॅस मोठा केला, आकडा हलला नाही. त्यातून थर्मामीटरचा अर्धा अंश वजा केला. राहिले अठ्ठ्याण्णव.

मुलगी बरोबर होती.

आता यात चमत्कार काही नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचावर आहे. जितकं वर जावं तितकी डोक्यावरची हवा कमी, तिचा दाब कमी. पाणी उकळतं कधी? त्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा झाला की. बाहेरचा दाब कमी असेल तर पाण्याला तितकं तापावं लागत नाही. ढोबळ हिशेब असा धरा की दर तीनशे मीटरला एक अंश कमी. साडेपाचशे मीटरला जवळजवळ दोन. झाले अठ्ठ्याण्णव.

पुण्याची उंचीही साधारण तेवढीच, तिथेही अठ्ठ्याण्णव. हैदराबादचंही तसंच. बेळगावात साडेसत्त्याण्णवच्या आसपास, बेंगळुरूला सत्त्याण्णव, महाबळेश्वरी साडेपंचाण्णव. नागपूरकरांना नव्व्याण्णव मिळतील. शंभर कुणाला मिळतील? मुंबईकरांना, गोव्यातल्या किनाऱ्यावरच्या लोकांना, वडोदऱ्याच्या आणि तंजावरच्या मराठी मंडळींना. म्हणजे देशभरात पसरलेल्या आपल्या लोकांपैकी निम्म्यांची पोरं तरी प्रयोगशाळेत नव्व्याण्णव, अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव पाहतात आणि वहीत शंभर लिहितात. इतकी वर्षं.

मला हे पुस्तकात वाचून कळलेलं नाही. मी लडाखमध्ये डाळ खाऊन शिकलो. लेह साडेतीन हजार मीटरवर. तिथे पाणी अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला उकळतं, आणि आमच्या काही चौक्या त्याहून बऱ्याच वर होत्या. उघड्या पातेल्यात राजमा तीन तास खदखदत ठेवला तरी दाताखाली खडा लागल्यासारखा लागायचा. नवे जवान लंगरच्या आचाऱ्याला शिव्या घालायचे. आचारी सांगायचा, "साहब, पानी उबलता है, पर पकाता नहीं." प्रेशर कुकर बिघडला की तो चौकीवरचा मोठा प्रसंग असे; रेडिओ बिघडण्याच्या खालोखाल. त्या आचाऱ्याला वायुदाबाची व्याख्या येत नव्हती, पण त्याचं निरीक्षण पक्कं होतं आणि त्यानं ते जसं होतं तसं सांगितलं होतं.

आणखी एक गंमत. ज्याच्या नावानं आपण हे अंश मोजतो तो अँडर्स सेल्सिअस. स्वीडनचा खगोलशास्त्रज्ञ. त्यानं १७४२ साली आपली मोजपट्टी मांडली. तेव्हा ती उलटी होती, पाणी उकळतं तिथे शून्य आणि बर्फ वितळतं तिथे शंभर. पुढे ती लोकांनी सुलटी केली. पण त्याच निबंधात त्यानं नोंदवलं होतं की पाण्याचा उकळण्याचा बिंदू हवेच्या दाबाप्रमाणे बदलतो. म्हणजे ज्यानं शंभर भाग पाडले त्यालाच ठाऊक होतं की हा आकडा सगळीकडे सारखा नसतो. आपल्या पाठ्यपुस्तकातही उत्कलनांकाच्या व्याख्येत 'वातावरणीय दाबाला' असे शब्द असतातच. गाइडमध्ये येईपर्यंत अट गळते, आकडा उरतो.

ही गोष्ट सांगितली की लोक लगेच त्या शिक्षिकेवर घसरतात. मी घसरणार नाही. मी शाळेत जाऊन त्यांना भेटलो. चाळीसच्या वर मुलं, दोन थर्मामीटर, पस्तीस मिनिटांचा तास. त्यातली दहा मिनिटं रांग लावण्यात जातात. अर्ध्या मुलांनी पाणी उकळताना पाहिलंच नव्हतं, त्यांनी शेजाऱ्याचं उतरवलं. बाई मला म्हणाल्या, "सर, फाइल तपासताना कुणी खरं पाहिलं आणि कुणी नाही हे मला कसं कळणार? शंभर असलं की पुढं सरकते." मला त्यांचं पटलं नाही, पण त्यांची अडचण कळली. मी स्वतः त्याहून वाईट केलं होतं. तेच आता सांगतो, कारण या व्याख्यानाचं खरं कारण ते आहे.

बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिक परीक्षेत मला साधा लंबक आला होता. दोऱ्याची लांबी बदलायची, वीस आंदोलनांचा वेळ मोजायचा आणि गुरुत्वीय त्वरण काढायचं. माझं उत्तर आलं ९.३ च्या आसपास. यायला हवं ९.८ च्या जवळ. दोऱ्याची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते, मी वरच्या हुकापर्यंतच धरली होती. हे तेव्हा लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते एवढंच की वेळ संपत आलाय. मग मी काय केलं? उत्तरापासून मागे गेलो. ९.८ धरून प्रत्येक लांबीला वेळ किती यायला हवा ते काढलं आणि तेच निरीक्षण म्हणून रकान्यात भरलं. आलेखावरचे सगळे ठिपके फूटपट्टीनं मारल्यासारखे एका रेषेत. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आलेख डोळ्यांसमोर धरला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "घड्याळ फार आज्ञाधारक दिसतंय तुमचं." बस. मार्क पुरे दिले.

पुरे मार्क मिळाले, ही त्यातली वाईट गोष्ट.

पाच-सहा वर्षांनी मी राजस्थानातल्या एका सराव मैदानावर गन पोझिशनवर होतो. तोफेचा गोळा किती लांब जातो हे ज्या अनेक गोष्टींवर ठरतं, त्यातली एक म्हणजे त्याला ढकलणाऱ्या दारूचं तापमान. दारू गार असेल तर ती जरा मंद जळते, गोळा कमी वेगानं निघतो आणि अलीकडे पडतो. म्हणून दारूच्या पेटीत थर्मामीटर ठेवून तापमान रजिस्टरमध्ये लिहायचं आणि त्याप्रमाणे हिशेबात दुरुस्ती करायची. पहिल्या दिवशी दुपारी आम्ही मोजलं, चोवीस अंश. दुसऱ्या दिवशीही गोळीबार दुपारीच होता, नोंद करणारा हवालदार म्हणाला, "साब, कल जितना ही है." मी मान डोलावली. चोवीस लिहिलं. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी गोळीबार पहाटे होता. जानेवारीतली राजस्थानची पहाट. हात तोफेच्या लोखंडाला चिकटतील अशी थंडी. रजिस्टरमध्ये काय लिहिलं असेल? चोवीस. खाली माझी सही.

गोळे शंभर-सव्वाशे मीटर अलीकडे पडायला लागले. पुढे निरीक्षण चौकीवर आमचीच माणसं बसली होती. त्यांच्या जितकं जवळ येऊ नये तितकं जवळ पहिले दोन गोळे आले. कुणाला काही झालं नाही. रेडिओवर ताबडतोब 'थांबा' आलं. आमच्या कमांडरनी रजिस्टर मागवलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चार दिवसांच्या चार ओळींवर बोट फिरवलं आणि विचारलं, "चार दिवस राजस्थानात तापमान हललंच नाही?"

मला त्या क्षणी आज्ञाधारक घड्याळ आठवलं. खरंच आठवलं, शोभेसाठी सांगत नाही. तीच चूक होती. आकडा काय यायला हवा हे आधी ठरवायचं आणि मग तो पाहिल्यासारखा लिहायचा. कॉलेजात ही सवय लागली, मार्कांनी ती पक्की केली आणि ती वर्दी घालून माझ्याबरोबर तिथपर्यंत आली. हवालदाराला मी दोष दिला नाही. सही माझी होती. शिक्षा झाली, योग्य झाली, तिचा तपशील इथे नको.

तर आता कामाचं. प्रयोग लिहायचा कसा?

सगळ्यात आधी, हुकूम आणि अहवाल यातला फरक ओळखा. पाठ्यपुस्तक हुकूम देतं, 'चंचुपात्रात पाणी घ्या, थर्मामीटर उभा धरा, तापवा.' तुमची वही म्हणजे अहवाल. त्यात 'घ्या' नको, 'घेतले' हवं. 'दोनशे मिलिलिटर पाणी घेतले. थर्मामीटरचा फुगा तळापासून वर राहील असा स्टँडला बांधला. दर मिनिटाला तापमान नोंदवले.' ज्या पोरानं पुस्तकातून उतरवलंय त्याच्या वहीत कृतीखाली 'घ्या, ठेवा, करा' असतं. मी अशा पन्नासेक वह्या पाहिल्या असतील. एकाही पोराला वाटलं नव्हतं की आपण परीक्षकालाच हुकूम देतोय.

दुसरी गोष्ट, आकडा पहिल्यांदा जिथे लिहाल तिथेच त्याचं खरं घर. बहुतेक मुलं हातावर, बाकावर नाहीतर चिटोऱ्यावर लिहितात, घरी येऊन सुंदर अक्षरात फाइलमध्ये उतरवतात आणि चिटोरं फेकतात. ते चिटोरं फेकू नका. साधी एक कच्ची वही ठेवा, तिच्यात तारीख घाला, आणि चुकीचा आकडा खोडायचा असेल तर त्यावर एकच आडवी रेघ मारा, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी नवा आकडा आणि का बदलला ते दोन शब्दांत. आमच्याकडे रजिस्टरमध्ये खाडाखोड करणं गुन्हा होता, पण रेघ मारून सही करणं हा गुन्हा नव्हता. व्हाइटनर हा माझ्या मते प्रयोगशाळेत आणायचा पदार्थच नव्हे.

तिसरी गोष्ट जरा वेळ घेऊन सांगतो, कारण तिच्यात मोठी माणसंही चुकतात. काय दिसलं आणि त्यावरून काय वाटलं, हे दोन वेगळ्या रकान्यांत ठेवा. रसायनाच्या प्रयोगात मुलं निरीक्षणाखाली लिहितात, 'क्लोराइड आढळले'. क्लोराइड कुणाला दिसत नसतं. दिसला तो पांढरा अवक्षेप. निरीक्षण, 'सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण टाकल्यावर पांढरा अवक्षेप तयार झाला'. अनुमान, 'क्लोराइड असावे'. पुढे तो अवक्षेप अमोनियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळला, तर अनुमान पक्कं झालं. गस्तीवरून आलेल्या जवानाला आम्ही हेच शिकवायचो. 'शत्रूचे पाच सैनिक दिसले' असं सांगू नकोस. 'पाच माणसं दिसली, खांद्यावर लांब वस्तू होत्या, उत्तरेला जात होती' असं सांग. एकदा ती पाच माणसं मेंढपाळ निघाली आणि लांब वस्तू म्हणजे काठ्या. पहिलं वाक्य लिहिलं असतं तर काय झालं असतं ते तुम्हीच पाहा. वायूच्या बाबतीतही तसंच. 'हायड्रोजन बाहेर पडला' हे निरीक्षण नव्हे. 'बुडबुडे आले, पेटती काडी तोंडाशी नेताच पॉप असा आवाज झाला' हे निरीक्षण.

दक्षतांबद्दल एकच सांगतो. जी घेतली तीच लिहा. 'उपकरणे स्वच्छ व कोरडी असावीत' हे वाक्य मी उकळत्या पाण्याच्या प्रयोगातही वाचलंय. कोरडी?

आणि फरकाची कारणं. 'मानवी चुकीमुळे उत्तरात फरक आला' हे वाक्य माझ्या ऐकण्यात सरकारी पत्रातल्या 'अपरिहार्य कारणास्तव' या शब्दांइतकंच पोकळ आहे. कोणत्या मानवाची, कोणती चूक? थर्मामीटर तिरका पाहिला का? त्याच्या एका घराची किंमत एक अंश आहे, म्हणजे अर्ध्या अंशापर्यंतचा अंदाज नजरेचा आहे, हे लिहा. बर्फात तो किती दाखवत होता ते लिहा. बर्फ आणि उकळतं पाणी एकाच प्रयोगात का ठेवलेत असं तुम्हाला वाटलं होतं का? बर्फाचा भाग आधी केला की थर्मामीटर खोटं बोलतो का, आणि किती, हे कळतं. वरच्या टोकाला तो तितकंच खोटं बोलेल याची खात्री नसते, पण नववीसाठी एवढं पुरे. पाणी बोअरचं असेल तर क्षारांमुळे उत्कलनांक वाढतो, तो अंशाच्या अगदी लहान भागानं. दोन अंशांचा फरक त्यानं पडत नाही आणि पडलाच तर वरच्या बाजूला पडेल, खाली नव्हे. म्हणजे कारण शोधताना ते कोणत्या दिशेला ढकलतं हेही बघावं लागतं. मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात. चोर पकडल्याचा आनंद असतो तो.

आता पालक विचारतात, 'कर्नलसाहेब, हे सगळं ठीक, पण मार्कांचं काय?' रास्त प्रश्न आहे. मार्क मिळवलेल्या माणसानं मार्कांना तुच्छ लेखू नये. लेखी पेपरात 'पाण्याचा उत्कलनांक किती' असं विचारलं तर लिहा, 'प्रमाण वातावरणीय दाबाला १०० अंश सेल्सिअस'. ते बरोबर उत्तर आहे, कारण अट लिहिलीत. प्रात्यक्षिकाच्या वहीत मात्र तुमचा थर्मामीटर, तुमचं गाव, तुमचा आकडा. आणि आकडा पुस्तकापेक्षा वेगळा आला तर तो एकटा सोडू नका. तपासणाऱ्याला नुसते अठ्ठ्याण्णव दिसले तर तो गोल करणारच, त्याच्या जागी मीही केला असता. त्या आकड्याबरोबर साक्षीदार उभे करा. मिनिटागणिक तक्ता, सलग तीन वेळा न हललेला आकडा, बर्फातलं वाचन, गावाची उंची, एका ओळीत कारण. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक विचारतील, 'शंभर का नाही?' त्या प्रश्नाची भीती वाटते ना? अहो, त्या प्रश्नासाठी तर जायचं. ज्यानं शंभर लिहिलंय त्याला हा प्रश्न कुणी विचारणारच नाही, आणि त्याला जे येतं ते दाखवायची संधीच मिळणार नाही.

एका मास्तरांबद्दल सांगतो आणि मग थांबायच्या वाटेला लागतो. कुमाऊंच्या जोहार खोऱ्यातले नैन सिंह रावत. शाळेत शिकवायचे, म्हणून त्यांना पंडित म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिबेटात परक्यांना बंदी होती, नकाशा कोरा होता. भारतीय सर्वेक्षण खात्यानं नैन सिंहांना शिकवून तयार केलं आणि ते यात्रेकरूच्या वेषात १८६५ मध्ये नेपाळमार्गे निघाले. १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोहोचले. चालताना पावलं मोजायची. प्रत्येक पाऊल ठरलेल्या मापाचं. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी, दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. आकडे कागदावर लिहून प्रार्थनाचक्रात दडवायचे. आणि उंची? उंची त्यांनी पाणी उकळून काढली. थर्मामीटर लपवून नेला होता. जागोजागी पाणी उकळायचं, आकडा टिपायचा. पाणी जितक्या कमी अंशांना उकळेल तितकी जागा उंच.

विचार करा. त्या मास्तरांना कुणीतरी शाळेत शिकवलं असतं की पाणी शंभरलाच उकळतं, दुसरं काही दिसलं तर तुझं चुकलं, आणि त्यांनी ल्हासाच्या मुक्कामी शंभर लिहिलं असतं, तर ल्हासा समुद्रकाठी आलं असतं! दर मुक्कामी शंभर, शंभर, शंभर. जीव धोक्यात घालून केलेली पायपीट वाया. पकडले गेले असते तर मान गेली असती, तरी त्या माणसानं दिसला तोच आकडा चक्रात घातला. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीनं त्यांना सुवर्णपदक दिलं. आपल्या टपाल खात्यानंही त्यांचं तिकीट काढलंय. नववीच्या पुस्तकात उत्कलनांकाच्या धड्याशेजारी त्यांचा फोटो असायला हवा, असं मी आपलं म्हणतो. मला कोण विचारतं.

इंदूरच्या मुलीला मी ही गोष्ट त्या संध्याकाळी सांगितली, पातेलं गार होईपर्यंत. तिनं पान पुन्हा लिहिलं. शेरा तसा होताच, पुन्हा लिहून आणणे. निळ्या शाईत तक्ता, बाजूला 'थर्मामीटर बर्फात +०.५', खाली 'स्थळ इंदूर, उंची सुमारे ५५० मीटर', आणि निष्कर्षात 'येथील हवेच्या दाबाला पाण्याचा उत्कलनांक ९८ अंश सेल्सिअस आढळला'. जुनं पान तिनं फाडलं नाही. लाल गोलासकट मागे टाचणीनं लावलं.

बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं का, वगैरे तुम्हाला ऐकायचं असेल. तसं काही झालं नाही. त्यांनी सही केली आणि फाइल परत दिली. गोल केला नाही. पुढच्या वर्षी मात्र त्याच शाळेतली दुसरी दोन मुलं माझ्याकडे आली आणि विचारायला लागली की इंदूरची उंची नक्की किती, बाईंनी तक्त्याखाली लिहायला सांगितलीय. मी त्यांना सांगितलं नाही. म्हटलं, पाणी उकळा आणि तुम्हीच काढा.

आता माझं एक काम करा. ऐकणाऱ्यांमध्ये बेळगावचे असतील, ग्वाल्हेरचे असतील, तंजावरचे, दिल्लीचे, कुणाचा मुलगा शिलाँगला नोकरीला असेल. घरात नववी-दहावीतलं मूल असेल तर रविवारी त्याच्याबरोबर एक पातेलं पाणी ठेवा. आधी बर्फ, मग उकळतं पाणी. गावाचं नाव, तारीख, बर्फातला आकडा आणि उकळतानाचा आकडा, एवढं या व्हिडिओखाली लिहा. गावाची उंची लिहू नका, ती आम्ही तुमच्या आकड्यावरून काढतो आणि मग नकाशाशी ताडून पाहतो. थर्मामीटर बर्फात बुडवायला विसरलात तर तेही तसंच लिहा.

कोण, मागे? हां, उजवीकडून बोला जरा.